डोके खाली, पण तोंड कुठे?

नववा महिना लागला की पोटावर हात फिरवून सुईण किंवा डॉक्टर सांगतात, 'डोकं खाली आहे', आणि घरातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. मूल पायाळू नाही, आडवे नाही, तेव्हा बाळंतपण सुरळीत होणार असे धरून चालतात, आणि बहुतेक वेळा तसे होतेही. पण बाळंतपणाच्या इतिहासात जाणत्यांनाही पुन्हापुन्हा चकवणारी एक अवस्था या निश्चिंतीच्या आतच दडलेली आहे. डोके खाली असते, पण बाळाचे तोंड आईच्या पाठीकडे असायचे ते पोटाकडे असते. कळा चांगल्या येतात, बाई तासन्‌तास झगडते, कंबर फाटून निघते, पण मूल पुढे सरकत नाही. या अवस्थेचा इतिहास सहसा अवजारांच्या क्रमाने सांगितला जातो: आधी आकडा, मग चिमटा, मग व्हॅक्यूम, शेवटी सिझेरियन. माझ्या मते असे सांगितले की मुख्य गोष्ट निसटते. उलट्या वळलेल्या डोक्याच्या बाबतीत जे काही सुधारले, ते कुणीतरी हातातले अवजार बाजूला ठेवून 'हे डोके नेमके कुठे वळले आहे?' असे आधी विचारले म्हणून. बिघडले ते बहुधा हा प्रश्न न विचारता कुणी घाई केली म्हणून, किंवा न विचारताच कुणी वाट पाहत बसले म्हणून.

प्रश्न एवढा महत्त्वाचा का, हे कळायला आईच्या ओटीपोटातले हाडांचे कडे डोळ्यांपुढे आणावे लागते. हे कडे वरच्या तोंडाशी आडवे रुंद आहे आणि खालच्या तोंडाशी उभे, म्हणजे पुढून मागे रुंद आहे. बाळाचे डोके लांबट असते. त्यामुळे आत शिरताना ते आडवे किंवा तिरके राहते आणि खाली उतरता उतरता त्याला पाव फेरा घ्यावा लागतो. हनुवटी छातीला टेकलेली असेल तर डोक्याचा जो व्यास पुढे येतो तो साडेनऊ सेंटिमीटरचा. डोक्याची मागची बाजू आईच्या पाठीकडे राहिली की हनुवटी नीट टेकत नाही, मान थोडी ताठ होते, आणि तोच व्यास सव्वाअकरा-साडेअकरावर जातो. पावणेदोन-दोन सेंटिमीटरचा हा फरक एरवी कुणाच्या खिजगणतीत नसतो, इथे मात्र तो रात्रभराच्या कळांचा हिशेब ठरवतो. डोके कुठे वळले आहे हे बोटाने ओळखता येते. बाळाच्या कवटीवर दोन टाळू असतात. पुढची मोठी, शंकरपाळीच्या आकाराची, तिच्यात हाडांच्या चार शिवणी येऊन मिळतात. मागची लहान, तिकोनी, तिच्यात तीन. आतून तपासताना बोटाला पुढच्या बाजूला चार शिवणी लागल्या, तर बाळाचे तोंड आकाशाकडे आहे. वाचायला सोपे आहे. पण बारा तासांच्या कळांनंतर डोक्याला सूज आलेली असते, शिवणी एकमेकींवर चढलेल्या असतात, आणि नेमक्या त्याच वेळी उत्तर हवे असते.

जुन्या शास्त्रांनी हा प्रश्न कसा हाताळला हे पाहायचे तर आपल्याकडे सुश्रुतसंहितेतला मूढगर्भाचा भाग आहे. निदानस्थानात अडलेल्या गर्भाच्या आठ गती दिल्या आहेत आणि चिकित्सास्थानात त्यावरचे उपाय. अडलेला गर्भ काढण्याइतके कष्टाचे दुसरे काम नाही, कारण ते निव्वळ स्पर्शाच्या आधारे करावे लागते, हे तिथे स्वच्छ सांगितले आहे. अधिपतीची परवानगी घ्यावी, गर्भ जिवंत असेल तर त्यावर शस्त्र चालवू नये, आणि मृत असेल तरी आत टोकदार वृद्धिपत्राऐवजी गोल धारेचे मंडलाग्र वापरावे, म्हणजे बाईला इजा होणार नाही, असा बारकावा आहे. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयाला प्रबंध सादर केला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर, हे त्यामुळे अचंब्याचे नाही. परंपरेत सांगण्यासारखे खूप होते. पण या वर्गीकरणाचा पाया गर्भाचा कोणता अवयव आधी येतो हा आहे: मांडी, कुल्ला, कूस, हात. डोके नीट खाली आहे पण वळले आहे भलतीकडे, ही अवस्था अशा चौकटीत सहज बसत नाही. हा एकट्या सुश्रुताचा दोष नव्हे. ग्रीक आणि रोमन वैद्यकातही डोके आधी येणे म्हणजे स्वाभाविक, बाकीचे अस्वाभाविक, अशीच ढोबळ विभागणी होती. डोक्यातही प्रकार असतात हे जगाला फार उशिरा कळले.

आणि ते कळण्याआधी अवजार आले. फ्रान्समधून इंग्लंडला पळून आलेल्या ह्यूगनॉट चेंबरलेन घराण्याकडे सतराव्या शतकात दोन पात्यांचा चिमटा होता. तो त्यांनी शंभर वर्षांहून अधिक काळ घराण्याबाहेर जाऊ दिला नाही. १६७० मध्ये ह्यू चेंबरलेन हे गुपित विकायला पॅरिसला गेला. तिथला नामांकित प्रसूतिवैद्य मोरिसो याने त्याच्यासमोर एक बाई ठेवली: वय अडतीस, पहिलटकरीण, ठेंगणी, हाडांचे कडे वेडेवाकडे झालेले. आपण काही मिनिटांत मूल काढतो म्हणणारा चेंबरलेन तीन तास झटला आणि हरला. मूल गेले, दुसऱ्या दिवशी बाईही गेली. ही गोष्ट बहुधा गुपित दडवणाऱ्याची खोड मोडली म्हणून चवीने सांगितली जाते. मला तिच्यातली वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. चेंबरलेनच्या चिमट्यात ओढण्याची ताकद होती, पण डोके कुठे आहे, कसे आहे, कुठल्या वाटेने येईल, यावर त्याच्याकडे सांगण्यासारखे काही नव्हते. १८१३ मध्ये इसेक्समधल्या वुडहॅम मॉर्टिमर हॉल या त्यांच्या जुन्या घरात जमिनीच्या फळ्यांखाली ते चिमटे सापडले. तोवर चिमटा जगभर पोचला होता आणि घराण्याच्या गुपिताला काडीची किंमत उरली नव्हती.

खरा बदल झाला तो डब्लिन आणि लंडनमध्ये, दहा-पंधरा वर्षांच्या आत. फील्डिंग ऊल्ड याने १७४२ मध्ये डब्लिनला प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात एक साधे निरीक्षण नोंदवले: बाळ आत शिरताना त्याचे तोंड सरळ मागे नसते, ते बाजूला वळलेले असते, हनुवटी खांद्याकडे. म्हणजे डोके येता येता वळते. या एका वाक्याने बाळंतपण ही नुसती ढकलाढकल न राहता एक हालचाल झाली, जिला दिशा आणि क्रम आहे. विल्यम स्मेली हा लानार्कहून लंडनला आलेला स्कॉटिश डॉक्टर याच विचाराला भिडला होता. १७४५ मध्ये एका बाळंतपणात मूल पोटाकडे तोंड करून अडले होते. चिमट्याने ओढून काही होईना, तेव्हा त्याने ओढणे थांबवले, चिमट्यातले डोके फिरवून तोंड मागे नेले, आणि मग ओढले. मूल सहज आले. अवजार तेच होते, हात तोच होता, फरक पडला तो ओढण्याआधी डोक्याची दिशा लक्षात घेतल्याने. १७५२ मध्ये आलेल्या त्याच्या ग्रंथात चिमटा कधी, कुठे, कोणत्या बाजूने लावायचा याचे नियम आहेत, आणि त्यातला प्रत्येक नियम डोक्याच्या स्थितीपासून सुरू होतो.

स्मेलीचे शिकवणे कसे चालायचे हेही पाहण्यासारखे आहे. खऱ्या हाडांवर चामडे चढवून त्याने बाईच्या धडाचा एक पुतळा केला होता, आत बाहुली घालून विद्यार्थ्यांना हात चालवायला लावायचा. दहा वर्षांत नऊशेहून अधिक विद्यार्थी त्याच्याकडून शिकून गेले. शिवाय गरीब बायकांचे बाळंतपण तो फुकट करायचा, अट एवढीच की विद्यार्थ्यांना पाहू द्यायचे. पैशाच्या जागी दुसरे काहीतरी मोजले जात होते, हे विसरता कामा नये. बोटांचे हे शहाणपण लंडनच्या गरीब वस्त्यांतल्या बायकांच्या अंगावर गोळा झाले, आणि त्यांची नावे कुठे लिहिलेली नाहीत.

स्मेलीला सर्वांत धारदार विरोध एका सुइणीने केला. एलिझाबेथ निहेल पॅरिसच्या ओतेल-द्यू इस्पितळात शिकून लंडनच्या हेमार्केट भागात व्यवसाय करत होती. १७६० मध्ये तिने पुस्तक लिहून पुरुष डॉक्टरांवर तोफ डागली. तिचे म्हणणे थोडक्यात असे की अवजार हे बहुतेक वेळा अधीरपणाचे पांघरूण असते, बाईच्या कळांपेक्षा डॉक्टरच्या वेळापत्रकाला किंमत दिली जाते, आणि पुतळ्यावर शिकलेला हात जिवंत शरीरावर चालवणे धोक्याचे आहे. या टीकेत व्यावसायिक चुरस होतीच, सुइणींच्या पोटावर पाय येत होता. पण तिला नुसते मत्सराचे लेबल लावून बाजूला सारता येत नाही. स्मेलीचा संयम त्याच्या सगळ्या शिष्यांत उतरला नाही आणि चिमटा ज्याच्या त्याच्या पिशवीत गेला. त्यामुळे 'अवजार म्हणजे घाई' ही निहेलची तक्रार अनेकांच्या बाबतीत खरी होती. तिच्या उत्तरात मात्र एक भोक होते. प्रत्येक डोके वाट पाहिल्याने वळतेच असे नाही, आणि कोणते वळणार नाही हे कसे ओळखायचे यावर तिच्याकडे धीराखेरीज फारसा उपाय नव्हता.

ती पोकळी अर्धी भरली हायडेलबर्गच्या फ्रान्झ कार्ल नेगेले याने. १८१९ मध्ये त्याने जे मांडले ते त्या काळच्या पाठ्यपुस्तकांच्या विरुद्ध होते. बाळंतपणाच्या सुरुवातीपासून पुन्हापुन्हा तपासून, टाळू आणि शिवणींची जागा टिपत जाऊन तो या निष्कर्षाला आला की डोक्याची मागची बाजू उजवीकडे-मागे असणे ही सर्वाधिक आढळणाऱ्या स्थितींपैकी दुसरी आहे, आणि अशी बहुतेक डोकी कुणी हात न लावता पुढे वळतात. आजचे आकडेही याच दिशेला जातात. कळा सुरू होताना सुमारे १५ ते ३० टक्के बाळांचे तोंड पोटाकडे असते, आणि जन्मताना तसे राहणारी सुमारे ५ टक्के. म्हणजे ज्या अवस्थेवर वैद्य धावून जायचे तिच्यातल्या बहुसंख्य बायकांना नुसता वेळ पुरेसा होता. या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा शोध मला हाच वाटतो. त्यात नवे अवजार काहीच नाही, नुसते धीराने तपासत राहणे आहे. निहेल जे श्रद्धेने सांगत होती त्याला नेगेलेने नोंदींचा आधार दिला. दोघांत फरक एवढा की नेगेलेची वाट पाहणे डोळे उघडे ठेवून होते: दर थोड्या वेळाने बोट पुन्हा टाळू शोधत होते.

डोळे मिटून वाट पाहिली तर काय होते, याचा धडा इंग्लंडला दोनच वर्षे आधी मिळाला होता. राजकन्या शार्लटच्या कळा ३ नोव्हेंबर १८१७ ला सुरू झाल्या. तिचा वैद्य सर रिचर्ड क्रॉफ्ट हा टॉमस डेनमनचा जावई. डोके तळाशी येऊन सहा तास थांबल्याशिवाय चिमटा लावू नये, हा नियम या डेनमनचाच. चिमट्याच्या अतिरेकाला वैतागलेल्या पिढीचा तो नियम होता, आणि त्याच्या जागी तो शहाणपणाचाही होता. पण क्रॉफ्टने त्याचे निव्वळ थांबणे करून टाकले. कळा एकूण पन्नास तास चालल्या, त्यातले चोवीस पिशवीचे तोंड पूर्ण उघडल्यानंतरचे. चिमटा जवळ होता, वापरला गेला नाही. नऊ पौंडांचा मुलगा मृत जन्मला आणि काही तासांत, ६ नोव्हेंबरच्या पहाटे, राजकन्याही गेली. तीन महिन्यांनी क्रॉफ्टने स्वतःवर गोळी झाडून घेतली. गादीचा वारस गेल्यामुळे राजाच्या मुलांनी लगबगीने लग्ने उरकली आणि त्यातून १८१९ मध्ये व्हिक्टोरिया जन्माला आली, म्हणजे आपल्याकडच्या राणीच्या राज्याचा एक धागा त्या खोलीपर्यंत जातो. ते असो. 'निसर्गावर सोडा' हे म्हणणे सरसकट मानणाऱ्याला या पन्नास तासांचा जाब द्यावा लागतो.

राजवाड्याबाहेर हीच किंमत जास्त क्रूर रूपात मोजली जात होती. अमेरिकेच्या अलाबामात १८४५ मध्ये अनार्का नावाच्या गुलाम मुलीच्या कळा तीन दिवस चालल्या, तेव्हा मॅरियन सिम्स या डॉक्टरला बोलावले आणि त्याने चिमट्याने मूल काढले. इतका वेळ हाडावर दाबून बसलेल्या डोक्याने मूत्राशयाची भिंत निकामी झाली आणि तिला कायमची गळती लागली. तिच्यावर आणि बेट्सी, लूसी यांच्यासारख्या इतर गुलाम बायकांवर सिम्सने भूल न देता वर्षानुवर्षे शस्त्रक्रिया करून भगेंद्रिय-मूत्राशयातल्या छिद्रावरचा उपाय शोधला, एकट्या अनार्कावर सुमारे तीस वेळा. सिम्सचे पुतळे उभारले गेले, न्यूयॉर्कमधला २०१८ मध्ये हलवला गेला, आणि त्यावरचा वाद योग्यच आहे. माझ्या मुद्द्याला त्यातले एवढे लागते की अडलेले डोके वेळेत न ओळखल्याचा भार मुलाच्या जन्माबरोबर संपत नाही, तो बाईच्या शरीरात आयुष्यभर राहतो. जिथे दवाखाना दूर आहे तिथे असे नासूर आजही होतात.

यानंतरची शंभर वर्षे ही प्रश्न विचारणाऱ्या अवजारांची होती असे म्हणता येईल. व्युर्झबर्गच्या स्कान्झोनीने चिमटा एकदा लावून डोके फिरवायचे, मग काढून पुन्हा नीट लावून ओढायचे, अशी पद्धत रूढ केली. सर्वांत डोकेबाज उत्तर नॉर्वेच्या क्रिस्टियन कीलंडचे. १९१६ मध्ये त्याने वर्णन केलेल्या चिमट्याची पाती जवळजवळ सरळ आहेत, कारण वक्र पाती आतल्या आत फिरवली तर आईच्या मऊ भागांना ओरबाडतात. त्याची कडी सरकती आहे, त्यामुळे डोके एका बाजूला कललेले असले तरी पाती जुळतात. मुठीजवळ छोट्या गुंड्या आहेत, त्या बाळाच्या डोक्याच्या मागच्या बाजूकडे रोखलेल्या ठेवायच्या. डोके कुठे आहे हे माहीत नसेल तर हा चिमटा लावताच येत नाही. पुढे गोथेनबर्गच्या टागे माल्मस्ट्रमने १९५० च्या दशकात व्हॅक्यूमची टोपी आणली. तिची खुबी अशी की टोपी योग्य जागी, मागच्या टाळूपाशी, बसली तर ओढता ओढता डोके आपले आपण वळते. चुकीच्या जागी बसली तर निसटते किंवा मान आणखी ताठ करते. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच बोट. कीलंडच्या चिमट्याला मात्र वाईट दिवस आले. १९७९ मध्ये मँचेस्टरहून बाळांना होणाऱ्या इजांबद्दलचा अहवाल आला, वकिलांची भीती वाढली, आणि हा चिमटा वापरणारे हात कमी होत गेले. २०१३ मध्ये लिव्हरपूलच्या महिला रुग्णालयाने हजाराहून अधिक बाळंतपणांचा आढावा घेतला, तेव्हा अनुभवी हातांत फिरवणाऱ्या चिमट्याने बाळांचे व्हॅक्यूमपेक्षा किंवा ऐनवेळच्या सिझेरियनपेक्षा अधिक नुकसान झालेले दिसले नाही. 'अनुभवी हातांत' या दोन शब्दांवरच सगळे अडते. जिथे तो हात घडवणे थांबले आहे तिथे हा निष्कर्ष उचलून लागू करणे धोक्याचे ठरेल.

विसाव्या शतकाने या प्रश्नाशेजारी घड्याळ आणून ठेवले. १९५४ मध्ये इमॅन्युएल फ्रीडमनने पिशवीचे तोंड किती वेळात किती उघडते याचा आलेख काढला. १९७२ मध्ये फिल्पॉट आणि कॅसल यांनी त्या वेळच्या ऱ्होडेशियात, आजच्या झिंबाब्वेत, दूरच्या दवाखान्यांतल्या सुइणींसाठी त्याच आलेखावर दोन तिरक्या रेषा मारल्या. पहिली ओलांडली की सावध व्हायचे, चार तास पुढची दुसरी ओलांडली की काहीतरी करायचे. डेनमनचा सहा तासांचा नियम आणि क्रॉफ्टचे पन्नास तास, दोन्हींना या कागदाने उत्तर दिले. जागतिक आरोग्य संघटनेने इंडोनेशिया, मलेशिया आणि थायलंडमधल्या ३५,४८४ बायकांवर तो वापरून पाहिला, आणि १९९४ मध्ये छापून आलेले निष्कर्ष बोलके होते: अठरा तासांहून लांबलेली बाळंतपणे ६.४ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर आली, आणि कळा वाढवण्याचे औषध देण्याचे प्रमाण २०.७ वरून ९.१ वर. लक्षात घ्यावे, वाट पाहण्याला मर्यादा घातली आणि ढवळाढवळही कमी झाली. डब्लिनच्या नॅशनल मॅटर्निटी हॉस्पिटलमध्ये किअरन ओड्रिस्कॉलने याच सुमारास वेगळी वाट धरली. पहिलटकरणीचे डोके वळत नाही ते बहुधा कळा कमजोर असल्यामुळे, तेव्हा पाणमोट फोडा, ऑक्सिटोसिन लावा, प्रत्येकीजवळ एक नर्स बसवा, आणि बारा तासांत बाळंतपण उरका. दोन्ही पद्धतींचे भले आहे, पण घड्याळ उशीर झाल्याचे सांगते, कशामुळे झाला ते सांगत नाही. सेंटिमीटर मोजून आलेख भरला आणि टाळू शोधलीच नाही, असे सहज घडू शकते. ताशी एक सेंटिमीटरचा नियमही २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मागे घेतला, कारण निरोगी बायकांतही पुष्कळजणींचा वेग तेवढा नसतो.

घड्याळाला कंटाळलेल्यांसाठी १९९० च्या दशकात न्यूझीलंडमधून एक आशादायक विचार आला. सुईण जीन सटन आणि प्रसूतिपूर्व वर्ग घेणाऱ्या पॉलिन स्कॉट म्हणाल्या की सोफ्यात मागे रेलून बसणे, गाडी चालवणे अशा आधुनिक सवयींमुळे बाळाचे तोंड भलतीकडे वळते. जुन्या बायका पुढे वाकून फरशी पुसायच्या म्हणून त्यांची बाळे नीट वळायची. आपल्याकडेही नवव्या महिन्यात केरवारे, पोतेरे कर असे सांगणाऱ्या आज्या काही कमी नाहीत, त्यामुळे हा विचार पटकन पटतो. पटतो म्हणून तो खरा ठरत नाही. ऑस्ट्रेलियात २,५४७ गर्भवतींवर झालेल्या, २००४ मध्ये छापून आलेल्या चाचणीत शेवटच्या आठवड्यांत रोज दोनदा दहा मिनिटे हातगुडघ्यांवर राहायला सांगितले. जन्मताना पोटाकडे तोंड असलेली बाळे व्यायाम करणाऱ्यांत ८.१ टक्के आणि न करणाऱ्यांत ७.८ टक्के होती. प्रत्यक्ष कळांमध्ये हातगुडघ्यांवर राहिल्याने कंबरदुखीला आराम पडतो हे खरे, आणि तेवढ्यासाठी ती पद्धत चांगली आहे. पण आधीच जागा ठरवून देण्याच्या कल्पनेला आणखी एक धक्का फिनलंडमधून बसला होता. १९९८ मध्ये ४०८ बायकांची कळांच्या वेळी सोनोग्राफी केली, तेव्हा जी बाळे शेवटी तोंड वर करून जन्मली त्यांतली ६८ टक्के सुरुवातीला नीट होती, ती वाटेत उलटी वळली. डोक्याची दिशा एकदा पाहून निश्चिंत होता येत नाही, ती प्रवासभर पाहावी लागते. नेगेले हेच करत होता.

इथे एक सरळ आक्षेप येतो, आणि तो टाळण्याजोगा नाही. आता सिझेरियन सुरक्षित आहे. डोके कुठे वळले हे कळो न कळो, अडले की पोटावर छेद घ्यावा आणि मूल काढावे. मग टाळू शोधत बसण्याचा हट्ट कशाला? सिझेरियनने किती जीव वाचवले याबद्दल वाद नाही, अनार्काच्या गावात ते असते तर तिचे आयुष्य वेगळे झाले असते. पण आक्षेपाचे उत्तर त्या शस्त्रक्रियेतच आहे. दिवसभर अडलेले डोके कड्यात घट्ट रुतून बसते. तेव्हाचे सिझेरियन आणि कळा सुरू होण्याआधीचे सिझेरियन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: डोके वर खेचताना पिशवी फाटते, रक्तस्राव होतो, कधी खालून कुणाला हात घालून ढकलावे लागते. पुढच्या गर्भारपणात वार जुन्या व्रणात रुतून बसण्याचा धोका वेगळाच. आणि सिझेरियनची सोय सारखी वाटलेली नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली २१.५ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाली, सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के आणि खासगीत ४७.४ टक्के. या फरकाला कारणे अनेक आहेत, सगळा दोष उलट्या डोक्यावर टाकणे हास्यास्पद होईल. पण एकीकडे जवळजवळ निम्म्या बाळंतपणांत छेद आणि दुसरीकडे रात्रीच्या वेळी भूल देणारा डॉक्टर न मिळणारे ग्रामीण रुग्णालय, अशा देशात 'कोणती बाई थांबू शकते आणि कोणतीला आत्ताच पुढे पाठवायला हवे' हे ओळखणारे बोट फालतू ठरत नाही. जिथे शस्त्रक्रिया दोन तासांच्या अंतरावर आहे, तिथे ते ओळखणे दोन तास आधी व्हायला हवे.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे, कारण तो माझ्या मुद्द्याच्या मुळावर येतो. ज्या बोटाची एवढी महती गायली ते बोट तरी बरोबर असते का? या शतकाच्या सुरुवातीला सोनोग्राफी लावून बोटांची परीक्षा घेतली गेली, तेव्हा निकाल लाजिरवाणा होता. वेगवेगळ्या रुग्णालयांतल्या अभ्यासांत चारातली एक किंवा त्याहून अधिक तपासण्या चुकलेल्या निघाल्या, आणि चिमटा किंवा व्हॅक्यूम लावण्याच्या ऐन क्षणीही चुका होत्या. म्हणजे स्मेली आणि नेगेलेच्या वारसदारांचा हात आपण समजतो तेवढा शहाणा नव्हता, कदाचित कधीच नव्हता. हा आक्षेप मी मान्य करतो, आणि त्याने माझा मुद्दा बळकटच होतो असे मला वाटते. महत्त्व बोटाला नव्हते, प्रश्नाला होते, आणि प्रश्नाचे उत्तर पोटावर यंत्र ठेवून अधिक नेमके मिळत असेल तर ते यंत्रच नेगेलेचे खरे वारस आहे. प्रसूतीतल्या सोनोग्राफीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१८ मध्ये अवजार लावण्यापूर्वी असे पाहून घ्यावे, हे मार्गदर्शक तत्त्वांत घातले. यंत्रात बाळाच्या डोळ्यांच्या खोबण्या दिसल्या की तोंड वर आहे हे कळायला सूज आडवी येत नाही.

दिशा कळली तरी पुढे काय करायचे हे आपोआप ठरत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. हाताने डोके वळवण्याची जुनी पद्धत पुन्हा वापरात येते आहे. २०२१ मध्ये त्यावर दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या. ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत त्याने काही फायदा दिसला नाही, फ्रान्समधल्या चाचणीत चिमटा, व्हॅक्यूम आणि सिझेरियन मिळून कमी लागले. प्रत्येक मोठ्या शोधानंतर अशी ओढाताण झालीच आहे, नेगेलेच्या वेळीही झाली होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये जुन्या आलेखाच्या जागी नवा तक्ता आणला. त्यात पिशवीचे तोंड आणि बाळाचे ठोके यांच्या बरोबरीने एक ओळ डोक्याच्या दिशेसाठी आहे: पुढे, मागे की आडवे, याचे एक अक्षर भरायचे, आणि मागे किंवा आडवे असेल तर त्याला गोल करून लक्ष ठेवायचे. रकाना छोटा आहे. आमच्या तालुक्याच्या दवाखान्यांत तो भरला जाईल का, हे छपाईवर अवलंबून नाही. लेबर रूममधल्या नर्सला ते अक्षर ठरवायला शिकवले जाते का, तिने 'मागे' असे लिहिले तर डॉक्टर ते वाचतो का, आणि त्यानंतरचा प्रत्येक तास कोण मोजतो, यावर ते ठरेल.